सिग्निफिकंट आलं नाही? मग हे करून बघा

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की सगळीकडे एकच प्रश्न: "पी किती आला?" पी म्हणजे खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. तो 0.05च्या खाली आला तर निकाल "सिग्निफिकंट" आणि चहा, वर गेला तर सुतक. रोनाल्ड फिशर यांनी 1925च्या पुस्तकात ही रेघ सोयीची म्हणून वापरली; तिची लक्ष्मणरेषा केली ती नंतरच्यांनी. 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेच बजावलं, की पी रेघेच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. मग काढायचा कशावरून?

एक उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक. मुंबईत वांद्रे स्टेशनवरून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) बेस्टच्या बसने जावं की शेअर रिक्षाने?

मोजायला लागण्याआधी वहीत एक आकडा लिहा: किती मिनिटं वाचली तर रिक्षाचे जास्तीचे पैसे वसूल? आपण 3 धरू. हा आकडा सॉफ्टवेअर देत नाही. तो तुमच्या खिशातून आणि तुमच्या मस्टरच्या वेळेतून येतो. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि माहिती हातात आल्यावर सोयीचा आकडा शोधतात. म्हणून तारीख घालून लिहा.

आता रोज सकाळी नाणं उडवून बस की रिक्षा ते ठरवा. सगळी बस जुलैच्या पावसात आणि सगळी रिक्षा डिसेंबरात असं झालं, तर तुम्ही वाहन नाही, ऋतू मोजलात.

समजा, दोन्हींचे 20-20 दिवस झाले. बसला सरासरी 24 मिनिटं, रिक्षाला 20, आणि दोन्हींचं प्रमाण विचलन (रोजची वेळ सरासरीपासून साधारण किती इकडे-तिकडे होते ते) 7. टी-चाचणीत (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची नेहमीची पद्धत) पी येतो 0.08 च्या आसपास. जुन्या पद्धतीने "फरक नाही" लिहून मोकळे! पण फरक आहे की, 4 मिनिटांचा. तो किती डळमळीत आहे, हे सांगायला हवं. त्यासाठी प्रमाण त्रुटी, म्हणजे या 4 मिनिटांतली अनिश्चितता, काढा: 7 गुणिले (2 भागिले 20) चं वर्गमूळ, म्हणजे 2.2. तिला साधारण 2 ने गुणून 4 च्या दोन्ही बाजूंना ठेवा. हा झाला 95 टक्क्यांचा विश्वासांतराल, म्हणजे आपल्या मोजमापाशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा: रिक्षा अर्धा मिनिट उशिरापासून ते साडेआठ मिनिटं लवकरपर्यंत. आपले 3 मिनिटं त्याच्या पोटात आहेत, म्हणजे निकाल अजून लागलेला नाही. "फरक नाही" आणि "अजून कळलेलं नाही" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अंतराल निम्मा करायचा तर दिवस चौपट लागतात, 20 चे 80.

उलटं टोकही पाहा. एखाद्या ॲपकडे प्रत्येक वाहनाच्या 20,000 फेऱ्या असतील, तर 10 सेकंदांचा फरकसुद्धा "सिग्निफिकंट" ठरेल. 10 सेकंदांत बीकेसीच्या गेटवर ओळखपत्रही खिशातून बाहेर येत नाही.

आणखी थेट उत्तर हवं असेल तर बेझची वाट धरा, म्हणजे आधीचा अंदाज आणि नवं मोजमाप एकत्र करा. आधीचा अंदाज आकड्यात मांडा: फरक शून्याच्या आसपास, 4 मिनिटं इकडे-तिकडे. मग या अंदाजाची आणि मोजमापाची भारित सरासरी घ्या. ज्याची अनिश्चितता कमी त्याला वजन जास्त (वजन म्हणजे 1 भागिले अनिश्चिततेचा वर्ग). उत्तर येतं सुमारे 3 मिनिटं, अनिश्चितता 1.9. म्हणजे रिक्षा लवकर पोहोचवण्याची शक्यता 94 टक्के, पण 3 मिनिटांहून जास्त वाचण्याची जेमतेम निम्मी. गाईड विचारतील, "आधीचा अंदाज तुमच्या मनचा ना?" आहेच. म्हणून तो उघड लिहायचा, आणि त्यातल्या "4 मिनिटं इकडे-तिकडे"च्या जागी 2 आणि 8 घालून उत्तर किती हलतं तेही दाखवायचं.

अहवालात "सिग्निफिकंट"च्या खुणेचे तारे (*) काढू नका. असं लिहा: "रिक्षाने सरासरी 4 मिनिटं वाचली (95 टक्के अंतराल: उणे 0.5 ते 8.5). 3 मिनिटांचा फायदा आहे की नाही, हे 20-20 दिवसांत ठरत नाही." कोणी पी मागितलाच, तर 0.08 हा आकडाही शेजारी लिहा, फक्त त्याच्यापुढे "सिग्निफिकंट नाही" असा शिक्का नको.