‘व्हर्डिक्ट’ लिहिण्याआधी : कोर्टात नव्याने आलेल्या ज्युनिअरसाठी

मराठीत आपलं सगळं ‘निकाल’ या एका शब्दावर भागतं. दहावीचा निकाल, निवडणुकीचा निकाल, वाटपाच्या दाव्याचा निकाल. इंग्रजीत ड्राफ्टिंगला बसलं की मात्र जजमेंट, डिक्री, ऑर्डर, व्हर्डिक्ट असे चार शब्द पुढ्यात येतात आणि त्यातला जो सगळ्यात भारदस्त वाटतो तो मुलं उचलतात. तो बहुधा व्हर्डिक्ट असतो, टीव्हीवर ऐकून ऐकून ओळखीचा झालेला. नव्या ज्युनिअरच्या अपील मेमोत (अपिलाच्या अर्जात) तो दिसला की मी पहिल्यांदा तो खोडते.

व्हर्डिक्ट देते ज्युरी, म्हणजे खटला ऐकायला बसवलेले सामान्य नागरिक. आरोपी दोषी की निर्दोष एवढंच ती सांगते, कारणं देत बसत नाही. मुंबईच्या सेशन्स कोर्टात १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, तो व्हर्डिक्ट. सेशन्स जज्जांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली. ही दोन्ही जजमेंटं, कारणांसकट लिहिलेली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पेपरवाल्यांनी मथळ्यात व्हर्डिक्ट लिहावं, आपण आपल्या कागदावर लिहू नये.

उरलेल्या तिघांसाठी डिक्शनरी उघडू नका. हातातल्या कागदावर पुढे काय करता येईल, ते विचारा. शब्द आपोआप कळतो.

दिवाणी दाव्याचं जजमेंट एकदा शेवटपर्यंत वाचा. सुरुवातीला वादी-प्रतिवादींची कथा. मग दोन रकाने, डावीकडे मुद्दे आणि उजवीकडे त्यावरचे निष्कर्ष: ‘होकारार्थी’, ‘नकारार्थी’, ‘अंशतः होकारार्थी’. मग पानोपानी कारणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(९) प्रमाणे कारणांचं हे निवेदन म्हणजेच जजमेंट. शेवटच्या पानावर मधोमध ‘ऑर्डर’ किंवा ‘आदेश’ असं लिहून खाली तीन-चार ओळी असतात, आणि नव्या मुलांची गफलत इथेच होते. मथळा ऑर्डरचा असला तरी दावा संपवणाऱ्या त्या ओळींवरून नंतर तयार होते ती डिक्री, मराठीत हुकूमनामा. दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालते ती या डिक्रीवर.

खरी ऑर्डर हवी असेल तर निशाणी ५, म्हणजे दाव्यातला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, बघा. तो मंजूर झाला किंवा फेटाळला गेला, तरी दावा चालूच राहतो. म्हणून ती ऑर्डर, आणि तिच्यावरचं अपील ऑर्डर ४३ खाली (इथली ‘ऑर्डर’ म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या नियमांचं प्रकरण). डिक्रीवरचं अपील कलम ९६ खाली. अपील मेमोच्या पहिल्याच ओळीत डिक्रीऐवजी ऑर्डर लिहिलंत, तर समोरचे वकील तिथूनच सुरुवात करतात.

क्रियापदंही ठरलेली आहेत. अर्ज किंवा अपील ‘अलाउड’ होतं, दावा मात्र ‘डिक्रीड’ होतो. जजमेंट ‘प्रोनाउन्स’ करतात, डिक्री ‘पास’ करतात. दावा ‘डिसमिस’ होणं आणि प्लेंट (वादपत्र) ‘रिजेक्ट’ होणं हे तर मुळीच एक नाही. प्लेंट ऑर्डर ७ नियम ११ खाली रिजेक्ट झाला तर कायदा त्याला डिक्रीच मानतो, म्हणजे थेट अपील. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला तर ती डिक्री नव्हे. तिथे दावा पुन्हा बोर्डावर घेण्यासाठी अर्ज करायचा. आणि स्पेलिंग: कोर्टातल्या जजमेंटमध्ये ‘जी’नंतर ‘ई’ नसतो.

वाटपाच्या दाव्यात आणखी एक गंमत आहे. गंमत आपल्याला, पक्षकाराला नाही. कोर्ट आधी प्राथमिक डिक्री देतं: कोणाचा किती हिस्सा. पक्षकार पेढे घेऊन येतो, ‘मॅडम, जिंकलो.’ जमिनीवर अजून एक खुंटीही ठोकलेली नसते. सरकारी आकार (शेतसारा) भरणाऱ्या शेतजमिनीचं वाटप कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडून व्हायचं असतं, घराचं वाटप करायला कोर्ट कमिशनर नेमायचा असतो. तेव्हा इंग्रजीत नुसतं ‘डिक्री’ लिहून थांबू नका, ‘प्रिलिमिनरी’ की ‘फायनल’ ते लिहा, आणि पेढे खाण्याआधी पक्षकारालाही तो फरक समजावून सांगा.

फौजदारी बाजूला एवढं पुरे: कन्व्हिक्शन म्हणजे दोषी ठरणं, सेंटेन्स म्हणजे शिक्षा. सेशन्स कोर्टात दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकतात. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ॲक्विटल, आरोप ठेवण्याआधीच सुटला तर डिस्चार्ज.

निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा (कोर्टाच्या प्रमाणित प्रतीचा) अर्ज द्या आणि त्यात जजमेंट आणि डिक्री दोन्ही मागा. डिक्री तयार व्हायला पंधरा दिवसांपर्यंत मुदत असते, पण तिच्यावर तारीख पडते ती जजमेंट सुनावल्याचीच. जिल्हा कोर्टात अपिलाचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे, हायकोर्टात ९०. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात. त्यासाठी नकलेच्या मागचा शिक्का बघा: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. शिक्क्यातली तारीख पुसट असेल तर नक्कल विभागाच्या खिडकीवरून हलण्याआधीच ती नीट करून घ्या.