मूळ चित्रीकरण हाताशी नसताना डीव्हीडीचे पुनर्संपादन

समारंभाची किंवा नाट्यप्रयोगाची तयार डीव्हीडी कपाटात असते, पण कॅमेऱ्यातल्या टेप कधीच पुसल्या गेलेल्या असतात. अशा वेळी त्या डीव्हीडीलाच मूळ प्रत मानून काम करावे लागते. डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ पद्धतीने आधीच दाबलेले (कॉम्प्रेस केलेले) असल्याने ते पुन्हा दाबले की त्यातला तपशील आणखी घटतो. म्हणून चित्राचे कॉम्प्रेशन शक्यतो पुन्हा करायचे नाही आणि करावेच लागले तर एकदाच, शेवटच्या टप्प्यावर करायचे, हे पथ्य अखेरपर्यंत सांभाळावे. डिस्क स्वतःची असावी, किंवा हक्कधारकाची परवानगी घेतलेली असावी.

प्रथम संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रत, म्हणजे साऱ्या डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, संगणकावर घ्यावी. डिस्कवर ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यूसारखे साधन वाचता न येणाऱ्या भागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. चित्र व ध्वनी साठवणाऱ्या डिस्कवरील व्हीओबी फाइली जास्तीत जास्त एक जीबीच्या तुकड्यांत असतात आणि हे तुकडे वेगवेगळे संपादनात ओढले तर सांध्यावर आवाज किंवा चित्र अडखळते. त्याऐवजी मेकएमकेव्ही या प्रोग्रामने संपूर्ण टायटल, म्हणजे डिस्कवरील सलग कार्यक्रम, एका एमकेव्ही या व्हिडिओ फाइलमध्ये उतरवावे. यात कॉम्प्रेशन होत नाही.

नुसती काटछाट करायची असेल तर ॲव्हिडेमक्स किंवा लॉसलेसकट हा संपादन प्रोग्राम पुरेसा आहे. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली नसते; साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चौकट, म्हणजे कीफ्रेम, येते आणि मधल्या चौकटी तिच्या आधाराने उभ्या राहतात. त्यामुळे राखायच्या भागाची सुरुवात कीफ्रेमवरच करावी आणि ॲव्हिडेमक्समध्ये चित्र व ध्वनी दोन्हींसाठी ‘कॉपी’ हा पर्याय ठेवावा. जुन्या संपादकाने दोन दृश्ये एकमेकांत विरघळवली असतील तर तो भाग सुटा करता येत नाही. तो पूर्ण ठेवावा किंवा पूर्ण काढावा.

रंग सुधारणे किंवा नवी शीर्षके घालणे असेल तर फाइल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संपादनासाठीच्या, तपशील जवळजवळ न घटवणाऱ्या स्वरूपात बदलून घ्यावी. प्रकल्पाची मापे मुळाच्या टीव्ही पद्धतीशी जुळवावीत: पीएएल असल्यास ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी, एनटीएससी असल्यास ७२० बाय ४८० आणि २९.९७. ४:३ आणि १६:९ या दोन्ही चित्रांत ठिपक्यांची संख्या हीच असते, त्यामुळे गुणोत्तर चुकले की चेहरे फुगीर किंवा चिंचोळे दिसतात. चित्र इंटरलेस्ड असेल, म्हणजे प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) बनलेली असेल, आणि पुन्हा डीव्हीडीच करायची असेल, तर ते तसेच राहू द्यावे व फील्डचा क्रम मात्र तपासावा, कारण तो उलटला की हालचाल थरथरते.

सर्वांत अवघड काम ध्वनीचे असते. बोलणे आणि पार्श्वसंगीत बहुधा एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेले असल्याने, दोन मिनिटांचे भाषण कापले की त्यामागचे गाणे मध्येच उडी मारते आणि चित्रातला कट कितीही सफाईदार असला तरी तो कानाला जाणवतो. अशा वेळी कापण्याची जागा आधी कानाने शोधावी: टाळ्या, वाक्यानंतरचा विराम, संगीताची संपत आलेली ओळ. तिथेही सांधा जाणवला तर चित्र कीफ्रेमवर कापून ध्वनी मात्र वेगळा काढावा, दोन्ही टोके थोडी एकमेकांवर आणून मिसळावीत आणि शांततेच्या जागी त्याच सभागृहाचा संथ गलबला दुसरीकडून आणून भरावा. चित्राला हात न लावता केवळ ध्वनी पुन्हा एन्कोड करता (दाबून साठवता) येतो, हे फार उपयोगी पडते.

जुने मेनू या प्रक्रियेत उरत नाहीत. ते डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवण्याच्या प्रोग्राममध्ये नव्याने करावेत. केवळ काटछाट केली असेल तर तिथेही चित्रासाठी ‘कॉपी’ निवडावे, नाहीतर सारी काळजी शेवटच्या पायरीवर वाया जाते. चित्र बदलले असेल तर तासाभराच्या मजकुराला सेकंदाला ८ मेगाबिटचा दर ४.७ जीबीच्या डिस्कवर सहज बसतो. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट आहे. डिस्क लिहून झाल्यावर ती संगणकाऐवजी प्लेअरवर लावून प्रत्येक सांधा पाहावा, आणि पहिली आयएसओ प्रत पुसू नये.