ग्लायकॉलने वायू किती कोरडा होईल, याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

ट्रायइथिलीन ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवाच्या संचातून बाहेर पडणाऱ्या नैसर्गिक वायूत किती पाणी उरेल, हे काढण्याचे आलेख आणि समीकरणे अनेक दशकांपासून हाताशी आहेत. माझ्या पाहण्यातले बहुतेक अंदाज त्या आलेखांमुळे चुकले नाहीत. त्यांत घातलेले आकडे संचावर जाऊन कोणी मोजलेच नव्हते, म्हणून ते चुकले.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे रिबॉयलरच्या (ओले ग्लायकॉल तापवून त्यातले पाणी उडवणाऱ्या पात्राच्या) तापमानावरून ग्लायकॉलची शुद्धता गृहीत धरणे. वातावरणीय दाबाला आणि २०४ अंश सेल्सिअसला, स्ट्रिपिंग गॅस (उरलेले पाणी काढण्यासाठी ग्लायकॉलमधून सोडलेला वायू) न वापरता, सुमारे ९८.७ टक्के शुद्धता मिळते हे खरे. पण तो आकडा रिबॉयलरचा आहे आणि वायूला भेटणारे ग्लायकॉल काँटॅक्टरच्या, म्हणजे ज्या मनोऱ्यात वायू वर जातो आणि ग्लायकॉल खाली उतरते त्याच्या, माथ्यावर असते. अरबी समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर वायूचा दवबिंदू (ज्या तापमानाला त्यातले पाणी द्रवरूप होऊ लागते ते) काही केल्या खाली येत नव्हता. एका उत्साही तरुण अभियंत्याने पंपाचा वेग वाढवला, तरीही फरक पडला नाही म्हणून आणखी वाढवला, आणि शेवटी तेवढे ग्लायकॉल तापवणे रिबॉयलरला झेपेना. सिम्युलेशन मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत होते, कारण त्यात ९८.८ टक्के हा आकडा हातानेच भरलेला होता. मी दोन बाटल्या मागवल्या: एक सर्ज टँकमधून (रिबॉयलरनंतरच्या साठवण टाकीतून) आणि दुसरी पंपाच्या पुढून. पाण्याचे प्रमाण मोजणाऱ्या कार्ल फिशर चाचणीत पहिल्या नमुन्यात १.२ टक्के पाणी निघाले, तर दुसऱ्यात २.१ टक्के. लीन (कोरड्या) आणि रिच (पाणी शोषलेल्या) ग्लायकॉलमधल्या उष्णता विनिमयकाची एक नळी फुटली होती, आणि रिच बाजूचा दाब जास्त असल्यामुळे ओले ग्लायकॉल कोरड्यात मिसळत होते. एवढ्याशा पाण्याने दवबिंदू सहा-सात अंशांनी वर जातो. तेव्हापासून काँटॅक्टरच्या तोंडाशी घेतलेला नमुना हाती आल्याशिवाय मी गणिताला बसत नाही. त्यात अर्धा दिवस जातो आणि घाईतल्या माणसांना ते आवडत नाही, याची मला कल्पना आहे.

दुसरी चूक आत येणाऱ्या वायूच्या तापमानाची आहे. डिझाइन डेटाशीटवरचे ३८ अंश वर्षानुवर्षे नकलून घेतले जातात, आणि प्रत्यक्षात आधीचा कूलर मळलेला असल्याने वायू ४९ अंशांना येत असतो. सुमारे ७० बार दाबाला या अकरा अंशांनी संपृक्त (मावेल तेवढे पाणी घेतलेल्या) वायूतले पाणी पावणेदोन पट होते. शिवाय काँटॅक्टर तापल्यामुळे त्याच शुद्धतेच्या ग्लायकॉलने मिळू शकणारा दवबिंदूही वर सरकतो, म्हणजे फटका दुहेरी बसतो. अशा वेळी ग्लायकॉलला दोष देण्याऐवजी कूलर धुऊन घ्यावा.

ग्लायकॉलच्या अभिसरणाचा दर वाढवणे हा आळशी उपाय आहे. वायूतून काढायच्या एक किलो पाण्यामागे सुमारे २५ लिटर ग्लायकॉल हा नेहमीचा दर असून चाळिसाच्या पुढे फारसा लाभ होत नाही. काँटॅक्टरमधल्या प्रत्येक ट्रेला (वायू आणि ग्लायकॉल जिथे मिसळतात त्या थाळीला) पूर्ण सैद्धांतिक टप्पा, म्हणजे जिथे दोघे समतोलाला पोहोचतात असा टप्पा, मानू नये. बबल कॅपच्या (वायूचे बुडबुडे करणाऱ्या टोप्यांच्या) चार ट्रे मिळून जेमतेम एक टप्पा होतो. आलेखावरचा दवबिंदू समतोलाचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो पाच ते आठ अंश वरच मिळेल असे धरावे. लीन ग्लायकॉल वायूपेक्षा साधारण पाच अंश गरम असावे, कारण ते थंड असेल तर जड हायड्रोकार्बन द्रवरूप होऊन फेस येतो आणि फेस धरणारे कोणतेही समीकरण मला माहीत नाही. दाबाबरोबर दवबिंदूही बदलतो, म्हणून दाब न सांगता दवबिंदू सांगणाऱ्याशी मी चर्चा करत नाही.

आणि अंदाज मोजमापाशी जुळत नसेल, तर आधी मोजमापाकडे पाहावे. ऑनलाइन विश्लेषकाच्या सेन्सरवर वायूबरोबर आलेल्या ग्लायकॉलचा थर बसला की तो वाटेल ते आकडे दाखवतो, म्हणून थंड आरशाच्या साध्या उपकरणाने स्वतः एकदा दवबिंदू पाहून मगच मी जुन्या गणिताला हात लावतो.