वंशावळ शोधताना धक्का बसला? या चुका टाळा

जुन्या नोंदी चाळता चाळता कधीतरी अशी ओळ समोर येते की हातच थांबतो. मृत्यूनंतर वीस वर्षांनी लग्न केलेले पणजोबा, लग्नाआधी जन्मलेलं मूल, कुणी कधी न ऐकलेला सावत्र भाऊ. मग त्याच रात्री नातलगांच्या ग्रुपवर फोटो जातो. इथेच घोळ होतो. आधी नोंद तपासा.

पणजोबांचा तो प्रकार माझ्याच बाबतीत घडला. एका पानावर त्यांचा जन्म होता, दोन पानांनंतर मृत्यू, वय अकरा महिने. आणखी पुढे तेच नाव, तेच आईवडील आणि नवा जन्म. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत अनेक समाजांत होती. मी मात्र पहिल्याच जन्मतारखेवर अख्खी शाखा उभी केली होती, ती सगळी खोडावी लागली. नुसतं नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका. आईवडील, राहण्याची जागा, व्यवसाय, साक्षीदार यांतलं आणखी काही जुळतंय का ते पाहा आणि त्याच नावाची मृत्यूची नोंद आधी शोधा. ते अकरा महिन्यांचं बाळ आता आमच्या वंशावळीत आहे. घरात त्याचं नाव कुणी कधी काढलं नव्हतं.

लग्नाआधीच्या मुलाचं कोडं कधी कधी कॅलेंडरमुळे पडतं. इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी कायदेशीर नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे लग्न मे 1740 आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1740 असं लिहिलेलं दिसलं, तर तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1741 चा असतो. म्हणजे लग्नाला नऊ महिने झालेले! देशोदेशी कॅलेंडर वेगवेगळ्या वर्षी बदललं, तेव्हा तुमची नोंद जिथली आहे तिथलं वर्ष पाहून घ्या.

डीएनए चाचणीतला आकडा तर फार जपून वाचावा. सावत्र भावंडं (आई किंवा वडील एकच असलेली), काका-पुतण्या, आजोबा-नातू या तिन्ही नात्यांत साधारण 25 टक्के डीएनए सारखा असतो. वेबसाइटने ‘सावत्र भाऊ’ लिहिलं तरी तो अंदाज असतो. दोघांची वयं मांडा, दोघांशीही जुळणारे इतर नातलग कोणत्या बाजूचे आहेत ते बघा. नातं बरंचसं तिथेच सुटतं. मूळ प्रदेशांच्या टक्केवारीवरून मात्र कुणाच्या बापाबद्दल शंका घेऊ नका. ती संदर्भ-नमुन्यांवर, म्हणजे तुलनेसाठी कंपनीने ठेवलेल्या त्या त्या प्रदेशातल्या लोकांच्या डीएनएवर ठरते, कंपनीने ते बदलले की आकडेही बदलतात. सख्ख्या भावंडांतही ती सारखी येत नाही.

दुसऱ्याने ऑनलाइन चढवलेली वंशावळ उतरवून घेऊ नका. दहा झाडांत एकच तारीख दिसली, तरी ती बहुतेकदा एकमेकांवरूनच उतरवलेली असते.

आणि एवढं तपासूनही गोष्ट खरी निघाली तर? दत्तक गेलेलं मूल, लपवलेलं पहिलं लग्न, आजी-आजोबांनी स्वतःचं म्हणून वाढवलेलं नातवंड. ज्याच्या जन्माशी हे जोडलेलं आहे तो हयात असेल, तर पहिला हक्क त्याचा. त्याला एकट्याला भेटा. कागद पिशवीतच राहू द्या आणि आधी विचारा, “जुनं काही सापडलंय, ऐकायचंय का?” तो नको म्हणाला, तर ती नोंद तुमच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि ऑनलाइन झाडात ती फांदी खासगी करा.