पोलिसांनी घरातल्या माणसाला नेलं तर: पहिले चोवीस तास

‘चौकशीला नेतोय, तासाभरात सोडतो’ असं सांगून पोलीस माणसाला घेऊन जातात, आणि घरात पहिला फोन ओळखीच्या नगरसेवकाला जातो. तो फोन दहा मिनिटांनी केला तरी चालेल. आधी घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. किती वाजता नेलं, कुठून नेलं, किती जण आले होते, गणवेशात होते की साध्या कपड्यांत, गाडीचा नंबर काय, कुठलं ठाणं सांगितलं. शेजारचं कोणी बघत असेल तर त्यांचंही नाव टिपून ठेवा. सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण त्याच दिवशी मागून घ्या, कारण बरेच रेकॉर्डर आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं भरतात.

वेळेवर एवढा भर का, ते नीट समजून घ्या. संविधानाच्या अनुच्छेद २२ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा; पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं तर ते याच कायद्याचं) कलम ५८ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. गडबड होते ती सुरुवातीच्या क्षणात. माणसाला सकाळी ११ ला उचललेलं असतं आणि कागदावर अटक रात्री ९ ची दिसते. मधले दहा तास ‘चौकशी’ म्हणून कुठेच धरले जात नाहीत, आणि मारहाण, दमदाटी, कोऱ्या कागदावरच्या सह्या नेमक्या याच तासांत होतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली अशक हुसेन अल्ला देठा प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू होते. अधिकारी कागदावर कोणती वेळ लिहितो त्यावरून ती ठरत नाही. मात्र हे कोर्टात मांडायला ११ वाजल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

तो पुरावा उभा करायला पैसे लागत नाहीत. नेल्याबरोबर ११२ वर फोन करून ‘अमुक वेळी अमुक ठिकाणाहून पोलिसांनी माणूस नेला आहे, कुठे नेला ते कळवा’ असं सांगा. त्या फोनची नोंद राहते. मग चार ओळींचा ईमेल संबंधित ठाण्याला, आणि प्रत पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांना. भाषा साधी ठेवा, आरोप करू नका, फक्त वेळ, ठिकाण, नाव आणि वय. माणूस औषधं घेत असेल तर तीही लिहा. मधुमेह किंवा फिट येण्याचा त्रास लिहून कळवला, की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

ठाण्यात दोघांनी जा. एक जण बोलेल, दुसरा लिहील. ठाणे अंमलदाराला पहिला प्रश्न विचारा: अटक केली आहे की नाही? ‘नाही, नुसती चौकशी’ असं उत्तर आलं तर शांतपणे म्हणा, ‘मग साहेब, बोलणं झालं की आम्ही त्याला घरी नेतो.’ अटक नसलेल्या माणसाला रात्रभर बसवून ठेवायचा अधिकार कोणालाच नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर बाईमाणूस, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरची व्यक्ती, अपंग किंवा गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावताच येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं (कलम १७९).

उत्तर ‘हो, अटक आहे’ असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित गुन्हे’ या भागात बहुतेक वेळा सापडतो. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत. कलमं कळली की शिक्षा बघा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा सरसकट मार्ग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर तिची गरज का पडली ते लिहावं, असा दंडक आहे. ही नोटीस आता कलम ३५(३) खाली येते; जुने वकील तिला अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून ‘४१-अ’च म्हणतात. ती व्हॉट्सअॅपवर पाठवली तर धरली जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरीही अशी नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. आणखी एक नियम फार कमी लोकांना ठाऊक असतो: तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजाराने खंगलेला असेल, तर किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद, अटकेचा पंचनामा. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ साली घालून दिलेली ही पद्धत आता कलम ३६ मध्ये आहे. त्यावर अटकेची तारीख आणि वेळ असते, घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि अटक झालेल्याचीही सही असते. तुमच्यापुढे तो सहीला आला तर आधी वेळेचा रकाना शोधा. तिथे २१.०० लिहिलं असेल आणि माणूस ११ ला नेला असेल, तर भांडत बसू नका. सही करा आणि सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘प्रत्यक्षात सकाळी ११ वाजता घरून नेले.’ असं लिहू देत नसतील तर सही करू नका, आणि बाहेर येऊन लगेच तेच ईमेलवर कळवा. रकाना रिकामा असेल तर सही मुळीच नको. रिकामी जागा नंतर भरली जाते.

दुसरा कागद अटकेच्या कारणांचा. ‘३१८(४) खाली अटक’ (भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम) एवढं म्हणणं म्हणजे कारण नव्हे. या माणसाने नेमकं काय केलं असा संशय आहे, ते त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नोव्हेंबर २०२५ च्या निकालात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, पण कोर्टात रिमांडसाठी (कोठडीत ठेवायची परवानगी मागायला) उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा, हा कागद मिळाला का आणि किती वाजता?

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची असते. मुलगा अठराच्या आतला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन धावा. त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

चौकशी चालू असताना अटक झालेल्याला वकिलाला भेटता येतं, जरी वकिलाला पूर्ण वेळ शेजारी बसता येत नसलं तरी (कलम ३८). वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या आवारात ‘आतून मिटवून देतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याला पैसे देऊ नका. मागणी पोलिसांकडून आली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टरसमोर पोलीस उभे असले तरी मार लागला असेल तो दाखवायचाच, हे वकिलामार्फत माणसापर्यंत पोहोचवा. तपासणीच्या अहवालाची प्रत मागण्याचा त्याला हक्क आहे. कोर्टात ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ असं विचारलं जातं. घाबरून ‘नाही’ म्हटलं तर तसंच नोंदवलं जातं आणि नंतर ते खोडणं फार अवघड होतं. शीला बर्से प्रकरणापासून (१९८३) हा प्रश्न विचारणं न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. उत्तर थोडक्यात द्यायचं: कोणी, कधी, कुठे मारलं.

चोवीस तास उलटले आणि माणूस कोर्टात आलाच नाही, किंवा ठाणं ‘आमच्याकडे नाही’ म्हणत असेल, तर कलम १०० खाली स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्याकडे शोध वॉरंटचा अर्ज करता येतो. तो स्वस्त आहे आणि तालुक्यातच होतो. मोठा उपाय उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका (हेबियस कॉर्पस), म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असा आदेश मागणं. मुंबई उच्च न्यायालय त्यासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथे बसतं. दोन्हीकडे तुमच्या ११२ च्या फोनची वेळ आणि ईमेलची प्रत जोडा.

गुन्हा जामीनपात्र असेल तर कोर्टापर्यंत थांबायचं कारण नाही, ठाण्यातूनच जामीन मिळतो. जामीनदाराचं आधार कार्ड, रेशन कार्ड, पगाराची पावती किंवा सातबारा आणि दोन फोटो सोबत ठेवा. ऐपतच नसलेला माणूस आठवडाभरात जामीनदार देऊ शकला नाही, तर त्याला निर्धन मानून स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय नुसत्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं लागतं. कलम ४७८ च्या स्पष्टीकरणात तसं लिहिलं आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.