टाकोची पोळी फाटत होती, चुन्याने सांधली

घरी टाको (मक्याच्या पोळीत सारण घालून दुमडलेला मेक्सिकोचा पदार्थ) करायचे ठरवलं की सारण पटकन होतं, अडतं ते पोळीपाशी. आमच्या सोलापुरात मक्याचं पीठ कुठल्याही गिरणीत दळून मिळतं, पण त्याची पोळी दुमडली की मधोमध तुटते. गरम पाण्यात उकड काढली, तरी गार होताच तडे.

उपाय निघाला पानाच्या टपरीवर. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होतं, शिवाय मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) अंगी लागतं. अर्धा किलो वाळका मका (स्वीट कॉर्न चालत नाही), दीड लिटर पाणी, खायचा चुना चमचाभर. स्टीलचंच पातेलं घ्या, अॅल्युमिनियम चुन्याने काळं पडतं. साल बोटाने निघेपर्यंत उकळा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा. मग वाटा. मिक्सरमध्ये पाणी जास्त पडतंच; तेव्हा थोडं कोरडं मक्याचं पीठ मिसळायचं.

गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवून जड ताटाने दाबा. बिडाच्या कडकडीत तव्यावर दोन्हीकडून भाजून लगेच फडक्यात गुंडाळा. आता दुमडली तरी तुटत नाही.

आत राजमा, भाजलेला टोमॅटो-मिरचीचा ठेचा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. कुरकुरीत कवच ही अमेरिकेतली रीत. तेच हवं तर आपली कडक भाकरी काय वाईट! सासूबाईंनी वरून शेंगाचटणी भुरभुरली. मेक्सिकोवाल्यांनी माफ करावं, पण ती हवीच.