गिझर खदखदतोय? भंगारात द्यायच्या आधी हे करा

आमच्या दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात गिझर दोन-चार हिवाळे चालला की आवाज करायला लागतोच. मंग कोनी म्हणते टाकी फुटणार, कोनी म्हणते नवीनच घ्या. अरे बाप्पा, आधी आवाज कोणता ते तर ऐका.

नळ बंद केल्याबरोबर भिंतीत धाडकन ठोका बसतो, तर गिझरचा दोष नाही, बहुतेक पाइपाचा क्लॅम्प ढिला आहे, तो आवळा. बारीक टक् म्हणजे थर्मोस्टॅट, तो वाजणारच. वायरपाशी चरचर किंवा जळका वास आला तर मेन बंद करा अन् इलेक्ट्रिशियनला बोलवा, तिथं हुशारी नको. पण गरम होताना आधी सूं अन् मंग वरण उकळल्यासारखी खदखद होत असेल तर तो क्षार. बोअरचं जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो, थराखाली अडकलेलं पाणी जागेवरच उकळतं अन् वाफेचे बुडबुडे फुटतात, तो हा आवाज. आवाजानं काही बिघडत नाही, पण कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही म्हणून ती आतून जळते, खरं नुकसान ते आहे.

टीडीएसचा पेन बुडवून अंदाज लावू नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो अन् आपल्याकडे मिठानंच टीडीएस वाढतो. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या रिपोर्टात टोटल हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, बघा. पिण्याच्या पाण्याला लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात, दुसरी सोयच नसली तर 600 पर्यंत चालवून घेतात.

एमसीबी पाडा, टेस्टर लावून बघा, पाणी थंड होऊ द्या, गिझरकडे येणारा कॉक बंद करा. टाकी गरम नळातून रिकामी होत नाही, कारण तो पाइप आत वरून पाणी घेतो. पाणी थंड बाजूच्या व्हॉल्व्हचा खटका उचलून सोडायचं अन् गरम नळ फक्त हवा आत जायला उघडा ठेवायचा.

खालचं झाकण काढा, वायरींचा फोटो घ्या, थर्मोस्टॅट ओढून काढा.

आता नट. मी सगळ्यात जास्त अडकलो ते इथंच, अन् सगळे व्हिडिओ इथं पाच सेकंदात पुढं पळतात. कॉइलच्या प्लेटचे नट गंजून पार चिकटलेले असतात. मोठा पाना लावून झटका देऊ नका, काहून की बऱ्याच गिझरला ते बोल्ट टाकीलाच वेल्ड केलेले असतात, एक तुटला की टाकीच गेली, कॉइल कितीही चांगली असो. गंज काढायचं तेल मारा, रातभर सोडून द्या, सकाळी पाना अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं, असा हलवत हलवत सोडवा. करकर आवाज आला तर परत तेल. घाई असेल त्यानं हे काम हाती घेऊच नये, सरळ सांगतो.

प्लेट सुटली की उरलेलं पाणी गाळासकट अंगावर येते, खाली घमेलं ठेवा.

कॉइलला संडास साफ करायचं ॲसिड लावू नका, कोण्या मिस्त्रीनं सांगितलं तरी नाही. थर जातो, पण त्यासोबत कॉइलचं तांबंही खाल्लं जातं, अन् मंग शॉक. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडणंही बंद. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी अन् किराणातलं निंबूसत, लिटरला मूठभर, वायरीची टोकं वर कोरडी ठेवून बुडवा. फेस यायचा थांबला की पाणी बदला. उरलेलं जुन्या टूथब्रशनं निघते. टाकीच्या तळाचे पांढरे पापुद्रे हातानं काढा अन् बाजूचा मॅग्नेशियमचा रॉड झिजून तार झाला असेल तर नवीन टाका, नाहीतर पुढं टाकी गंजते.

रबराचा वॉशर नवीनच घ्या. जुना पलटून लावला तर गळतोच. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही.

थर्मोस्टॅट अन् वायरी फोटो बघून जागेवर लावा, अर्थिंगची वायर विसरू नका. पाणी भरा. गरम नळातून फुसफुस न करता सलग धार येईपर्यंत एमसीबी वर करायचा नाही, कोरड्या टाकीत कॉइल लगेच जळते. अन् थर्मोस्टॅट 60 च्या वर नेऊ नका, जितकं जास्त तापवाल तितका चुना लवकर बसतो.